१९७२ ची एमजीबी रोडस्टर: आधी दुरुस्ती की आधी बदल?

निळाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मनात होती ती गाडी अखेर घेतली. १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरची, तारेची चाकं. ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनच्या फेऱ्या कमी करणारा, गिअरबॉक्सला जोडलेला जादा गिअर) आहे, पण लागत नाही. आधीच्या मालकाने ती बराच काळ झाकून ठेवली होती. इंजिन सुरू होतं, पण थंड असताना अडखळतं आणि तापल्यावर आयडलिंग वरखाली होतं. ताशी साठ मैलांच्या आसपास स्टीअरिंग थरथरतं. खड्ड्यातून गेलं की पुढचं टोक डोलतच राहतं.

माझी यादी अशी आहे: पुढेमागे टेलिस्कोपिक शॉक ॲब्सॉर्बर, मूळचे दोन एसयू कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे) काढून एक वेबर कंपनीचा, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंट्सच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, आणि ओव्हरड्राइव्हच्या मागे न लागता सरळ पाच गिअरचा बॉक्स. शर्यतीत उतरायचं नाही, सुट्टीच्या दिवशी लांब फिरायला न्यायची आहे. काम शक्यतो माझ्याच हाताने करेन. सुरुवात कुठून करू?

पानापक्कड

अभिनंदन निळाईताई! फार छान गाडी घेतलीत.

तुमच्या तक्रारी आणि तुमची यादी शेजारी शेजारी ठेवून बघा. एकही तक्रार अशी नाही की जिचं कारण गाडीच्या मूळ रचनेत आहे. डोलणं, थरथरणं, अडखळणं हे सगळं झिजलेल्या किंवा पडून राहिलेल्या मूळ भागांमुळे होतंय. त्यावर नवे भाग चढवलेत तर झीज तशीच राहील, फक्त ती शोधणं अवघड होईल. तेव्हा यादीतलं काहीही आत्ता मागवू नका. एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघाली तशी गाडी आधी होऊ दे. ती मूळची कशी चालते हे एकदा अनुभवा, मग काय कमी पडतं ते ठरवा.

सुरुवात ब्रेकपासून. पडून राहिलेल्या गाडीतलं ब्रेक ऑइल ओलावा शोषून बसलेलं असतं, ते पूर्ण बदला. रबरी होज बाहेरून धडधाकट दिसले तरी आतून फुगून बंद होतात. मग पेडल सोडल्यावरही तेल मागे फिरत नाही आणि चाक धरून राहतं. तिन्ही होज नवे टाका. मागच्या ड्रमच्या ॲडजस्टरचं डोकं चौकोनी असतं, त्याला त्याच मापाचा चौकोनी पाना लावा. साध्या पान्याने कोपरे गोल होतात आणि मग तो काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

नंतर पुढची चाकं. जॅक लावून चाक अधांतरी करा, वर आणि खाली धरून हलवा. प्ले (मोकळी हालचाल) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा (ज्या उभ्या खिळीवर चाक वळतं तिचा) किंवा तिच्या खालच्या सांध्याचा, म्हणजे ट्रनियनचा. किंगपिनला दर तीन हजार मैलांनी ग्रीस द्यायला कारखान्याने सांगितलं होतं. एका बाजूला तीन निपल असतात, आणि आधीच्या मालकांनी त्यातलं एखादं तरी हमखास विसरलेलं असतं. ग्रीस देताना चाकावरचं वजन काढा. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसायला लागेपर्यंत गन थांबवू नका.

रानजाई

पानापक्कडदादांशी क्रमाबाबत सहमत, पण ब्रेकच्याही आधी एक गोष्ट येते: पत्रा. एमजीबीला वेगळी चासी नाही. रोडस्टरला छतही नाही, त्यामुळे सगळा भार दाराखालच्या सिलवर. हे सिल एका पत्र्याचं नसतं. बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा आणि खालचा दातेरी कॅसल सेक्शन मिळून ती पेटी बनते. वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीत आतला उभा पत्रा गंजून नाहीसा झालेला असू शकतो.

घरच्या घरी बघायचं तर गाडी मागच्या बाजूने जॅकवर घ्या आणि दार उघडून लावून बघा. दार घासायला लागलं किंवा मागच्या कडेची फट वर अरुंद झाली तर गाडी मधून वाकते आहे. पुढचा मडगार्ड खाली सिलला जिथे मिळतो तिथला सांधा स्पष्ट दिसला पाहिजे. तो सांधाच दिसत नसेल तर जुन्या गंजावर वरून पत्रा ठोकलेला असण्याची दाट शक्यता आहे. सिल नीट बदलायचं तर मडगार्डचं खालचं टोक कापावं लागतं, आणि तेच टाळण्यासाठी लोक ही पट्टी मारतात.

सीटमागच्या झाकणाखालच्या बॅटरीच्या पेट्याही बघा. तुमच्या साली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, त्यांच्या ॲसिडने पेटीचा तळ खाल्लेला असतो. आणि सिल बदलायची वेळ आलीच, तर दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड केल्याशिवाय कुणालाही कापू देऊ नका. मी एक गाडी आधाराविना कापलेली पाहिली आहे. दोन्ही दारं पुन्हा कधी नीट बसली नाहीत.

बाकी बदलांच्या बाबतीत मी दादांइतकी कडक नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं असं माझं मत आहे. हल्ली मिळणारे कंडेन्सर आणि रोटर आर्म यांच्या दर्जाचा भरवसा नाही. मध्येच रस्त्यावर गाडी बंद पडण्यापेक्षा ते बरं.

स्वातीनक्षत्र

इग्निशनवर थोडं लिहिते, कारण विद्युत हा माझा प्रांत.

रानजाई म्हणते ते खरं, पण इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल फक्त पॉइंट्स आणि कंडेन्सरची जागा घेतं. तुमच्या गाडीत लुकास कंपनीचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग) असणार. त्याच्या आत दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात, इंजिनचा वेग वाढला की त्या ठिणगी लवकर पाडतात. स्प्रिंगा सैल झाल्या, इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणाऱ्या व्हॅक्यूम कॅप्सूलचा पडदा फाटला, किंवा शाफ्टच झिजून डुगडुगायला लागला, तर मॉड्यूल बसवूनही गाडी तशीच अडखळणार. म्हणून आधी कॅप्सूलच्या नळीतून तोंडाने हवा ओढून बघा: आतली प्लेट सरकली पाहिजे आणि नळी बोटाने बंद केली की तिथेच टिकली पाहिजे. पॉइंट्सची फट ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. प्लगची ०.०२५ इंच. एवढं करून टायमिंग लाइट लावा आणि वेग वाढवताना खूण सावकाश, न थबकता सरकते का बघा. मॉड्यूल बसवलंत तर एक पथ्य पाळा: इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून गाडी सोडू नका, मॉड्यूल जळतं.

लुकासच्या वायरिंगला लोक फार नावं ठेवतात. माझ्या पाहण्यात बहुतेक दोष अर्थिंगचे आणि बुलेट कनेक्टरमधल्या (गोळीसारख्या टोकाच्या वायरजोडातल्या) गंजाचे असतात. रंगांची पद्धत एकदा लक्षात ठेवली की हे वायरिंग वाचायला सोपं आहे: तपकिरी वायर थेट बॅटरीची आणि फ्यूजशिवाय, पांढरी चावीनंतरची, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी कायम चालू पण फ्यूजमधून, काळी अर्थ. तपकिरी वायरवर काम करताना बॅटरी आधी सोडवा. फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, तो आकडा फ्यूज जळण्याचा आहे. सतत वाहायचा प्रवाह त्याच्या साधारण निम्मा. त्याच्या जागी आजचा ३५ अँपियरचा फ्यूज घातला तर आधी वायर तापेल.

बदलच करायचा असेल तर हेडलाइटला रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) लावा. मूळ रचनेत सगळा प्रवाह स्विचमधून जातो. रिले लावल्यावर प्रकाश वाढतो, स्विच वाचतो, आणि उद्या काढून टाकला तरी मूळ हार्नेसला धक्का लागलेला नसतो.

जुनाजाणता

धागा वाचून बरं वाटलं. निळाई, तू नशीबवान आहेस असं मी म्हणेन. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली आणि सगळे प्रकार धरून पाच लाखांवर गाड्या निघाल्या. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने अख्खी बॉडीसुद्धा जुन्या साच्यांवरून पुन्हा बनवायला घेतली. दुसऱ्या कित्येक जुन्या गाड्यांच्या मालकांना हे सुख नाही.

आता कार्बोरेटर. वेबरचा मोह मला समजतो, त्याचा आवाज मलाही आवडतो. पण या इंजिनचं हेड आधी समजून घे. चार सिलिंडर, पण हवा आत घ्यायला दोनच पोर्ट. दोन दोन सिलिंडर एका पोर्टवर जगतात. डीसीओई या दोन घशांच्या वेबरचं वैभव प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र घसा देण्यात आहे आणि ते इथे वापरताच येत नाही. दीड इंची दोन एसयू या हेडला छान जुळतात. चांगल्या अवस्थेतल्या एसयूच्या जोडीपेक्षा रोजच्या चालवण्यात वेबर सरस ठरलेला मी पाहिला नाही.

तुझं वरखाली होणारं आयडलिंग बहुधा थ्रॉटल स्पिंडलपाशी (हवेची झडप फिरवणाऱ्या दांड्यापाशी) आहे. बॉडीतलं भोक झिजलं की तिथून हवा शिरते. इंजिन चालू ठेवून स्पिंडल वरखाली हलवून बघ, आवाज बदलला तर तेच. बुश घालून नवे स्पिंडल बसवून घे. थंड असताना अडखळण्यासाठी चोक ओढल्यावर पेट्रोलचे दोन्ही जेट सारखेच खाली उतरतात का बघ. कार्बोरेटरवरच्या डॅशपॉटमधलं तेलही संपलेलं असेल. ते नसलं की ॲक्सिलरेटर झटकन दाबल्यावर गाडी दचकते.

मग जुळवणी, आणि तिचा क्रम मोडायचा नाही: टॅपेट, प्लग, पॉइंट्स, टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. टॅपेटची (व्हॉल्व्हच्या दांड्याशी ठेवायची) फट इंजिन थंड असताना ०.०१५ इंच. इंजिन चांगलं तापवून, दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी रबरी नळी धरून फुसकारा ऐक, दोन्हीकडे सारखा येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरव. मिश्रणासाठी प्रत्येक कार्बोरेटरच्या खाली एक बारीक पिन असते. तिने पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचल. वेग क्षणभर वाढून पुन्हा बसला तर मिश्रण बरोबर. वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन मरायला लागलं तर कमी. जेटखालचा नट एका वेळी एकेक कड फिरवायचा, प्रत्येक वेळी थांबून ऐकायचं. याला घाई करून चालत नाही.

एअर फिल्टर बदललास तर कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजणारी सुईही बदलावी लागेल, हे लोक विसरतात. नुसता उघडा फिल्टर लावून मिश्रण पातळ होतं आणि मग दोष कार्बोरेटरच्या माथी.

वाटसरू

मध्येच विचारतो, माफ करा. माझी १९७८ ची रबर बंपरची गाडी आहे. ती वळणावर फार कलते. क्रोम बंपरवाल्यांना हा त्रास नाही का?

पानापक्कड

वाटसरू, १९७४ च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या बंपरच्या नियमांसाठी गाडी साधारण दीड इंच उचलली गेली. वर त्याच काळात पुढचा, कलणं रोखणारा अँटी-रोल बारही काढला होता. १९७७ च्या मॉडेलपासून पुढे आणि मागे दोन्ही बार आले, म्हणजे तुमच्या गाडीत ते असायला हवेत. त्यांचे रबर आणि जोड आधी बघा. गळालेले असतील तर बार असून नसल्यासारखा. उंची कमी करायची असेल तर पुढे आखूड स्प्रिंगा आणि मागे ठोकळे घालतात, तो तुमच्या गाडीसाठी रास्त बदल आहे. निळाईताईंच्या गाडीला त्याची गरज नाही.

ताई, तुमच्या डोलण्याकडे येतो. पुढचा लीव्हर शॉक हा नुसता शॉक नाही, त्याचा दांडा म्हणजेच सस्पेन्शनचा वरचा आर्म. त्यामुळे बऱ्याच टेलिस्कोपिक किटमध्ये जुना लीव्हर शॉक आर्म म्हणून तसाच राहतो आणि बाजूला नवा शॉक जोडला जातो. म्हणजे झिजलेला आर्म राहिलाच. आधी झाकणाभोवती पुसून तेल भरा. मागच्या शॉकची लिंक सोडवून दांडा हाताने वरखाली करा, पूर्ण फेरीत सारखा जड लागला पाहिजे. मध्ये मोकळा सुटला तर आत हवा आहे किंवा झडपा गेल्यात. गळत असतील तर चांगल्या दुरुस्तीवाल्याकडून पुन्हा बांधलेले घ्या. एक बदल मात्र मी डोळे मिटून सुचवेन: खालच्या विशबोनला (चाक धरणाऱ्या आर्मला) व्ही-एटचे, म्हणजे आठ सिलिंडरच्या एमजीबीचे बुश. ते कारखान्याच्याच मोठ्या गाडीसाठी बनले, जास्त टिकतात आणि स्टीअरिंग स्पष्ट होतं.

थरथरण्यासाठी टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष कळेल. नक्षी शाबूत असली तरी जुना टायर कडक झालेला असतो. तारांवर पान्याने हलकेच टकटक करा, सैल तार बोदा आवाज देते. चाक काढलंत की हबचे दाते बोटाने चाचपा. त्यांना धार आली असेल तर हब आणि चाक दोन्ही संपत आलंय. दाते बरे असतील तर ग्रीस लावूनच चाक चढवा. डावे-उजवे हब एकमेकांच्या जागी लावायचे नाहीत, आटे उलटसुलट असतात आणि चाकाची नट चालताना सैल होते.

रानजाई

पेट्रोलचं कुणी बोललं नाही. ब्रिटनमध्ये शिसंयुक्त पेट्रोल १९९९ च्या अखेरीस सर्वसाधारण विक्रीतून गेलं. मूळ हेड असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट मऊ आहेत, त्या हळूहळू खचतात. टॅपेटची फट वरचेवर कमी होताना दिसली तर समजा सीट खचते आहे. हेड उतरवायची वेळ आली की कडक सीट बसवून घ्या, आणि त्याच वेळी पोर्ट साफ करवून घ्या. या इंजिनची ताकद वाढवायची असेल तर खरा वाव हेडमध्येच आहे. वेबरवर जाणारे पैसे तिकडे लावा.

आणि सप्टेंबर २०२१ पासून तिथलं साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं झालंय. इथेनॉल जुन्या रबराला खातं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे होज आर९ दर्जाचे घ्या, ते होजवरच छापलेलं असतं.

वाटसरू

रोव्हरचं व्ही-एट इंजिन टाकलं तर? एकदाच काय तो खर्च.

जुनाजाणता

बाळा, ते करणारे आहेत आणि चांगलं करणारेही आहेत. केन कॉस्टेलोने कारखान्याच्या आधीच ते करून दाखवलं. मग कारखान्याने १९७३ ते १९७६ मध्ये ३५२८ सीसीची, बंद छताची जीटी व्ही-एट काढली, २,५९१ गाड्या. इंजिन ॲल्युमिनियमचं असल्याने पुढचं वजन फारसं वाढत नाही. पण ब्रेक, कूलिंग, गिअरबॉक्स, ॲक्सल सगळं त्या ताकदीच्या मापाने करावं लागतं. मध्येच थांबलं तर धोकादायक गाडी तयार होते.

ब्रिटनमधल्यांसाठी आणखी एक मुद्दा. चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटीची (वार्षिक तपासणीची) सूट मिळते, पण गेल्या तीस वर्षांत मोठे बदल झालेले नसले तरच. चाराऐवजी आठ सिलिंडर हा तसा बदल धरला जाण्याची शक्यता मोठी. मी सूट असूनही दर वर्षी एमओटी करून घेतो. गाडीखाली दुसरी तयार नजर फिरते, ते मला मोलाचं वाटतं.

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. बरीच कामं झाली, कळवते.

सिल शाबूत निघाले, मडगार्डचा सांधा दिसतो. उजव्या बॅटरीच्या पेटीचा तळ मात्र गेलेला होता, नवी पेटी वेल्ड करून घेतली. ब्रेकचे होज बदलले. पुढच्या डाव्या चाकाचा प्ले ब्रेक दाबूनही राहिला, म्हणजे किंगपिनच. दोन्ही बाजूंचे बदलले आणि व्ही-एटचे बुश घातले. टायर फारच जुने होते, नवे घेतले. थरथर पूर्ण गेली. पुढचा एक शॉक गळत होता, जोडी पुन्हा बांधलेली लावली आणि डोलणं थांबलं. टेलिस्कोपिक यादीतून काढलं.

व्हॅक्यूम कॅप्सूल फाटलेली होती! जुनाजाणता काकांनी सांगितलेल्या क्रमाने सगळं केलं. पिन उचलल्यावर वेग किंचित वाढून परत बसतो तो क्षण मला फार आवडला, गाडी स्वतः उत्तर देते. वेबरही यादीतून गेला. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि हेडलाइटचे रिले मात्र बसवणार.

राहिला ओव्हरड्राइव्ह. तो सोडून पाच गिअरचा बॉक्स घ्यावा का?

स्वातीनक्षत्र

घाई नको. बहुतेक वेळा दोष विजेचा असतो. इंजिन बंद, चावी चालू, चौथा गिअर टाका आणि ओव्हरड्राइव्हचा स्विच वरखाली करा. तुमचा एलएच प्रकारचा आहे, त्याच्या सॉलेनॉइडची (विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या झडपेची) टिकटिक हलकी असते, म्हणून कुणाला तरी गाडीजवळ कान देऊन बसवा. टिक आली नाही तर सॉलेनॉइडच्या वायरवर टेस्ट लॅम्प लावा. तिथे वीज पोचत नसेल तर गिअरबॉक्सवरचा इनहिबिटर स्विच आणि त्याचे कनेक्टर तपासा. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्येच तो जोडला जातो. टिक येते पण गिअर लागत नाही, तर दोष तेलाचा. मग पुढचं पानापक्कडदादा सांगतील.

पानापक्कड

सांगतो. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हचं तेल एकच असतं, आणि कारखान्याने तिथे इंजिनचंच २०डब्ल्यू-५० सांगितलंय. आधी कुणी गिअर ऑइल भरलं असेल तर ते काढा. घट्ट गिअर ऑइल फक्त मागच्या ॲक्सलमध्ये. तेल काढल्यावर ओव्हरड्राइव्हच्या तळाचं झाकण उघडा, आत जाळी आहे, ती पेट्रोलने धुवा. जाळीवर काळपट लगदा असेल तर घाबरू नका, चकाकणारे पितळी कण असतील तर फोटो इथे टाका. मग योग्य पातळीपर्यंत नवं तेल भरा. थोडं चालवून पातळी पुन्हा बघा, कारण ओव्हरड्राइव्ह भरताना ती उतरते.

पाच गिअरच्या बॉक्सचं म्हणाल, तर चौथ्यात इंजिनच्या मिनिटाला हजार फेऱ्यांना ताशी साधारण १८ मैल वेग मिळतो आणि ओव्हरड्राइव्हमध्ये साधारण २२. लांबच्या रस्त्याला तेवढा फरक पुरतो, शिवाय तिसऱ्यातही ओव्हरड्राइव्ह लागतो हे घाटात फार उपयोगी. आधी टेस्ट लॅम्प लावून काय दिसतं ते कळवा.

निळाई

टिक येत नव्हती. इनहिबिटरजवळचा बुलेट कनेक्टर हिरवा पडला होता, नवा घातला. तेल आणि जाळीही केली, पितळी कण नाहीत. आता तिसऱ्या आणि चौथ्या दोन्ही गिअरमध्ये लगेच लागतो. पुढचा प्रश्न हेडचा आहे, टॅपेटच्या फटीवर लक्ष ठेवून आहे. काही दिसलं तर वेगळा धागा काढते.